नाण्याची साक्ष आणि नाण्याचा भाव

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गावी इ. स. १९०६ मध्ये जमिनीत पुरलेला चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. तपासणीसाठी हाती आलेली नाणी मोजली तेव्हा ती १३,२५० भरली. एकेक नाणे वजनाने दोन ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे सगळी मिळून पंचवीस-सव्वीस किलो चांदी. सोनारांच्या मुशीत ती गेली असती तर तिची पैंजणे आणि वाळे घडले असते, आणि दक्षिणेच्या इतिहासातील एका मोठ्या प्रकरणाचा पुरावा त्या पैंजणांच्या नादात विरून गेला असता. सुदैवाने साठ्याचा फार मोठा भाग एकत्र राहिला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट या व्यासंगी मिशनऱ्याने तो तपासला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

ही नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची होती. एका बाजूस राजाचा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत राजाचे नाव. परंतु त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर दुसऱ्याच एका राजाने आपला ठसा मारलेला आढळला. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर उमटविलेला, आणि भोवती नाव गौतमीपुत्र सातकर्णीचे! नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाच्या पराक्रमाचे वर्णन कोरून ठेवले आहे, आणि त्याने क्षहरातांचा वंश उखडून टाकल्याचे त्यात म्हटले आहे. परंतु लेख कितीही भव्य असला तरी तो अखेर मातेने केलेली पुत्राची स्तुती आहे. जोगळटेंभीच्या साठ्यात बोलत होता तो शत्रूचा पैसा. जिंकणाऱ्याने तो वितळविण्याचीही तसदी घेतली नाही. हरलेल्याच्या तोंडावर आपली मुद्रा मारून तोच पैसा पुन्हा बाजारात सोडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या साठ्याची सर्वांत महत्त्वाची साक्ष त्यात जी नाणी होती त्यांनी जितकी दिली, तितकीच त्यात जी नव्हती त्यांनीही दिली. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या मध्ये आणखी कोणी क्षहरात राजा होऊन गेला असता, तर तेरा हजारांमध्ये त्याची दहापाच नाणी तरी निघावयास हवी होती. एकही निघाले नाही. सातवाहनाने राज्य घेतले ते थेट नहपानाकडून, या अनुमानाला त्यामुळे मोठे बळ मिळाले. नहपानाचा मुखवटाही सर्व नाण्यांवर सारखा नव्हता. कोठे तो तरुण, कोठे वृद्ध, कोठे नाक सरळ तर कोठे बाकदार. हे चेहरे एकाच माणसाचे की त्याच्या कुळातील निरनिराळ्या पुरुषांचे, असा प्रश्न स्कॉटसाहेबांना पडला. एक नाणे हातात घेणाऱ्याला हा प्रश्न सुचलाच नसता. आणि पुरावा म्हणून 'नसलेले नाणे' पुढे करावयाचे असेल तर साठा अखंड असावा लागतो, तो जेथे सापडला तेथेच मोजलेला असावा लागतो. शंभर गिऱ्हाइकांच्या शंभर कपाटांत विखुरलेल्या साठ्यात काय नव्हते, हे कोण सांगणार?

नाणी जमविण्याचा छंद आणि नाण्यांतील गुंतवणूक यांच्यातील फरकाची चर्चा बहुधा नफ्यातोट्याच्या अंगाने होते. जोगळटेंभीपासून सुरुवात केली की ती वेगळी दिसू लागते.

गुंतवणूक ही काही आजची कल्पना नव्हे. नहपानाच्या राज्यातच तिचे एक उत्तम उदाहरण आहे. नाशिकच्याच पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेविले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे, अशी अट. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब चोख जुळतो. गुंतवणूक म्हणतात ती ही. पैसा कोणाच्या तरी मागावर गेला, त्याचे कापड झाले, आणि त्या कापडाच्या विक्रीतून भिक्षूंची वस्त्रे निघाली. जोगळटेंभीला पुरून ठेवलेल्या चांदीने मात्र आपल्या मालकाला एका दाण्याचेही व्याज दिले नाही. कपाटात ठेवलेल्या नाण्याची आजही तीच गत आहे. त्याला व्याज नाही, भाडे नाही, पीक नाही. ते घेणाऱ्याची सारी आशा एवढीच, की पुढे केव्हातरी दुसरा कोणीतरी त्याला आपल्याहून अधिक दाम देईल.

मराठी माणसाला नाण्याची पारख नवी नाही. पोतदार हे आडनाव ज्या कामावरून पडले ते कामच नाणी पारखण्याचे. निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत, कोणाची चांदी चोख तर कोणाची हलकी, कोणाची कड झिजलेली. तेव्हा पेढीवरचा सराफ रुपया वाजवून घेई आणि कमअस्सल निघाला तर त्यावर बट्टा कापी. नावाला बट्टा लागतो असे आज म्हणतात, त्या शब्दामागे सराफकट्ट्यावरचा हाच व्यवहार आहे. परंतु ही पारख धातूची होती. त्याचप्रमाणे पुतळ्यांची माळ. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने इ. स. १२८४ पासून १७९७ मध्ये ते लयास जाईपर्यंत डुकात नावाचे सोन्याचे नाणे पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ निर्भेळ, आणि पाच शतकांत त्यात फरक म्हणून नाही. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात ख्रिस्त. व्यापाराच्या वाटेने ते आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यावरील मनुष्याकृतींवरून त्याला पुतळी म्हटले जाऊ लागले. पुढे येथील सोनारांनी तशाच पुतळ्या स्वतः घडविल्या. त्यांवरील अक्षरे वाचू गेल्यास त्यांतून काहीच अर्थ निघत नाही. परंतु त्याने माळेच्या मालकिणीचे काय बिघडले? तिला वेळप्रसंगी मोडता येईल असे चोख सोने हवे होते, ते तिच्याजवळ होते. ती कोणाला फसवीत नव्हती आणि स्वतःही फसत नव्हती. हल्लीचा गुंतवणूकदार जुन्या नाण्याला त्याच्या सोन्याच्या दसपट, शंभरपट दाम मोजतो तेव्हा तो सोन्याची किंमत देत नसतो; तो नाण्याच्या इतिहासाची किंमत देत असतो. इतिहासाची किंमत द्यावयाची आणि इतिहासाशी ओळख मात्र करून घ्यावयाची नाही, या स्थितीत फसवणुकीला पुरेपूर वाव राहतो.

छंदाची परंपरा जुनी आणि थोर आहे. रोमचा सम्राट ऑगस्टस सणावारी आप्तेष्टांना भेटी देताना त्यांत जुन्या राजांची आणि परदेशची नाणी देई, असे त्याचा चरित्रकार स्वेटोनिअस सांगतो. इटालियन कवी पेट्रार्क याने चौदाव्या शतकात एक मार्मिक आठवण लिहून ठेवली आहे. रोममध्ये द्राक्षाच्या मळ्यात खणणारा एखादा मजूर सापडलेले जुने नाणे घेऊन त्याच्याकडे येई. हे विकत घेता का असे विचारी, नाहीतर त्यावरचा चेहरा कोणाचा तेवढे तरी सांगा म्हणे. या मजुराच्या तोंडी दोन्ही प्रश्न एकदमच आले आहेत. पेट्रार्कला दुसऱ्या प्रश्नाची गोडी अधिक. इ. स. १३५४ मध्ये मॅन्टुआ येथे सम्राट चौथा चार्ल्स याला तो भेटला तेव्हा त्याने प्राचीन रोमन सम्राटांचे मुखवटे असलेली आपली काही सोन्याचांदीची नाणी त्याला नजर केली आणि त्या मुखवट्यांमागच्या माणसांच्या कथाही सांगितल्या. ज्यांच्या गादीचा वारसा सांगतोस ते कसे होते ते पाहा, असाच त्या भेटीचा रोख होता.

आपल्या देशाच्या इतिहासावर या छंदाचे जे ऋण आहे, त्याची कल्पना यावयास चार्ल्स मॅसन या विलक्षण माणसाकडे पाहावे लागते. त्याचे खरे नाव जेम्स लुइस. तो कंपनी सरकारच्या तोफखान्यातील शिपाई, इ. स. १८२७ मध्ये पलटणीतून पळाला आणि नाव बदलून अफगाणिस्तानात भटकू लागला. काबूलच्या उत्तरेस बेग्रामच्या मैदानात पावसाने धुपलेल्या मातीतून तांब्याची जुनी नाणी वर येत. गुराखी ती वेचीत आणि भांडी घडविणाऱ्या कारागिरांना नाहीतर टाकसाळीला तांब्याच्या भावाने विकीत. वर्षाला हजारो नाणी अशी वितळून जात. मॅसनने १८३३ पासून ती विकत घ्यावयास आरंभ केला आणि काही वर्षांत सुमारे साठ हजार नाणी जमविली. तांबटाच्या भावापेक्षा त्याने थोडे अधिक दिले म्हणूनच ती वाचली, हे विसरता कामा नये. नाण्याला धातूहून अधिक किंमत येणे ही गोष्ट मुळात वाईट नाही. कित्येकदा तीच त्याचा जीव वाचविते.

या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस कोणालाच न वाचता येणारी अक्षरे होती. मिनँडर, अपोलोडोटस, हर्मिअस ही नावे ग्रीकमध्ये वाचता येत. तेव्हा पलीकडच्या बाजूस तीच नावे असली पाहिजेत हे मॅसनच्या ध्यानात आले. कलकत्त्यास टाकसाळीत धातुपरीक्षक असलेल्या जेम्स प्रिन्सेपने हा धागा पकडून खरोष्ठीची अक्षरे एकेक करून सोडविली. ख्रिश्चन लासेन या विद्वानाने १८३६ मध्ये अगॅथोक्लिस राजाच्या दोन लिप्यांतील नाण्यावरून ब्राह्मीची काही अक्षरे ओळखली. आणि १८३७ मध्ये प्रिन्सेपने सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान दानलेख ताडून पाहून ब्राह्मी लिपी उलगडली. त्यानंतर अशोकाचे शिलालेख बोलू लागले. प्रिन्सेपचा दिवस टाकसाळीत नव्या रुपयांची चांदी तपासण्यात जाई आणि रात्र जुनी नाणी वाचण्यात. प्रकृती पार ढासळून १८३८ मध्ये तो मायदेशी परतला आणि १८४० मध्ये, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, वारला. या व्यवहारात त्याला काय मिळाले, असा प्रश्न गुंतवणुकीच्या हिशेबाने विचारला तर उत्तर अवघड आहे.

गोमंतकालाही असाच एक व्यासंगी लाभला होता. हडफडे गावी १८४४ मध्ये जन्मलेले डॉ. जुझे जेर्सन द कुन्य यांनी मुंबईत वैद्यकीचा व्यवसाय केला. परंतु चौल आणि वसई यांचे प्राचीन अवशेष, सह्याद्रिखंडाची संस्कृत पोथी, मुंबईची उत्पत्ती अशा विषयांत त्यांचे मन अधिक रमे. त्यांनी मोठा नाणेसंग्रह केला आणि १८८० मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानच्या नाण्यांवर ग्रंथ लिहिला. अफोंसु द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा घेतल्याबरोबर सोन्याची, चांदीची व तांब्याची नाणी पाडण्याची जी घाई केली, तिच्यातून नव्या सत्तेचा स्वभाव दिसतो. बाजारात आपले नाणे चालले म्हणजे आपले राज्य चालले, हे त्याने गौतमीपुत्राइतकेच ओळखले होते. पुढची कथा नाण्यांवरूनच सांगता येते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचे रुपये इंग्रजांच्या कलकत्त्याच्या टाकसाळीत, त्यांच्याच रुपयाच्या मापाने पडू लागले. १८८१ च्या रुपयावर पोर्तुगालचा राजा लुइश आहे, पण त्यामागची टाकसाळ इंग्रजांची. १९५० नंतरच्या दशकाअखेर रुपया जाऊन इश्कुद आला, आणि १९६१ च्या मुक्तीनंतर तोही चलनातून गेला. गोव्यातील जुन्या घरांच्या खणांतून ते इश्कुद अजून निघतात. सराफाला त्यांचे काही अप्रूप नाही. घरातल्या नातवाला मात्र एका मूठभर नाण्यांत आजोबांच्या आयुष्यातली दोन राज्ये दाखविता येतात.

इंदूरच्या होळकरांच्या नाण्यावरील सूर्य, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या नाण्यावरील नाग, बडोद्याच्या सयाजीरावांच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयावरील त्यांचा मुखवटा, हैदराबादच्या हाली सिक्क्यावरील चारमिनार, आणि घराघरांतील शिवराईचा तो ओबडधोबड तांब्याचा तुकडा, यांविषयीही तसेच म्हणता येईल. शिवराई तर छत्रपतींचे राज्य गेल्यावरही कित्येक वर्षे बाजारात चालत राहिली. हा संग्रह करावयास श्रीमंती लागत नाही. त्याला वेळ आणि विचारपूस लागते.

येथवर छंदाची बाजू उजळ दिसली. परंतु छांदिष्ट माणसे म्हणजे सारीच संत नव्हेत. त्यांच्या लोभाची काही उदाहरणे व्यापाऱ्यांनाही लाजविणारी आहेत. विल्यम शेल्डन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जुन्या तांब्याच्या सेंटांचा मोठा जाणकार होता. नाणे किती शाबूत आहे हे एकपासून सत्तरपर्यंतच्या गुणांत मोजावे आणि त्या गुणांवरून त्याचा भाव ठरवावा, ही पद्धत त्याने १९४९ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. आज जगभरच्या नाणेबाजारात चालते ती याच सत्तर गुणांची परीक्षा. परंतु अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील चांगली नाणी उचलून त्यांच्या जागी त्याने आपली हलक्या प्रतीची नाणी ठेविली, असे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले आणि ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. भावाची मोजपट्टी ज्याने तयार केली त्यालाच तिने मोहात पाडले, असे म्हणावयास हरकत नाही.

नाण्यांच्या गुंतवणुकीची लाट कशी येते आणि कशी ओसरते, याचा सर्वांत बोलका धडाही अमेरिकेतच मिळतो. डेन्व्हर येथील टाकसाळीने १९५० साली पाच सेंटांची 'निकल' नाणी फक्त २६,३०,०३० पाडली. त्या मालिकेतील हा सर्वांत लहान आकडा. बातमी फुटली आणि लोकांनी ही नाणी चाळीस-चाळीसच्या कागदी गुंडाळ्यांनिशी बँकांतून उचलून घरात ठेविली. एका गुंडाळीची दर्शनी किंमत दोन डॉलर. भाव चढत चढत १९६४ मध्ये गुंडाळीला १,२०० डॉलरपर्यंत गेला. घेणारे इतिहासाचे विद्यार्थी नव्हते. पुष्कळांनी गुंडाळी उघडूनही पाहिली नव्हती. मग खरेदीदार संपले आणि भाव निम्म्याच्याही खाली कोसळला. कारण अगदी साधे होते. नाणी थोडी पडली होती हे खरे, पण हरवले होते कोठे एखादे? ज्या वस्तूवर पहिल्या दिवसापासून सर्वांची नजर असते, ती दुर्मीळ होत नाही. बेग्रामची नाणी दुर्मीळ झाली ती शतकानुशतके त्यांना कोणी मोल दिले नाही म्हणून. या निकलला सर्वांनी मोल दिले आणि तेच तिच्या मुळावर आले. गृहिणीने वर्षभराचे गहू साठवावेत तशी नाणी साठविणाऱ्यांची त्या काळात इतकी गर्दी झाली, की नाण्यांच्या टंचाईचा दोष अमेरिकन सरकारने काही अंशी संग्राहकांवरच ठेविला. १९६५ च्या कायद्याने किरकोळ नाण्यांतील चांदी काढली वा कमी केली, आणि संग्राहकांना चटक लागू नये म्हणून टाकसाळीची खूणही काही वर्षे नाण्यांवर उमटविणे बंद केले.

१९८६ नंतर तेथे आणखी एक पाऊल पुढे पडले. परीक्षक नाण्याला गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत कायमचे बंद करू लागले. नकली नाण्यांपासून आणि व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून गिऱ्हाइकाला त्यामुळे संरक्षण मिळाले, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. परंतु डबीवर नाव, वर्ष आणि गुण छापलेले असले म्हणजे नाणे वाचण्याचे कारण उरत नाही. खरेदी-विक्री होते ती डबीवरच्या आकड्याची. ज्या छंदात हाताला धातूचा गारवा आणि कडेची झीज कळत असे, तेथे आता प्लॅस्टिक हाताला लागते.

भाव आणि साक्ष यांची फारकत झाली म्हणजे काय होते, हे पाहावयास पुन्हा अफगाणिस्तानात, मॅसनच्या मुलखात, यावे लागते. गार्देझच्या बाजूस मीर झकह नावाचे खेडे आहे. तेथे १९४७ मध्ये एक साठा सापडला. त्यातील १३,०८३ नाणी काबूलच्या संग्रहालयाच्या हाती आली आणि त्यांचा अभ्यास १९५३ मध्ये फ्रेंच विद्वानांनी प्रसिद्ध केला. संख्येने हा साठा जोगळटेंभीच्या जोडीचा. १९९२ मध्ये त्याच गावच्या विहिरीतून दुसरा साठा निघाला. त्याचे वजन तीन-चार टन होते आणि नाणी साडेपाच लाखांच्या घरात असावीत, असा अंदाज आहे. जगात आजवर सापडलेल्या सर्वांत मोठ्या नाणेसाठ्यांत त्याची गणना होते. देशात यादवी माजलेली. विचारणारे कोणी नव्हते. नाणी पोत्यांत भरून पेशावरच्या बाजारात गेली. नाणकशास्त्रज्ञ ओस्मुंड बोपेआराच्ची यांना १९९४ मध्ये तेथे अशी सहा पोती घाईघाईने पाहावयास मिळाली. प्रत्येक पोते पन्नास किलोचे. त्यानंतर ती नाणी जगभरच्या लिलावांत सुटी सुटी पांगली. त्याच सुमारास काबूलचे संग्रहालय लुटले गेले आणि तेथील सुमारे तीस हजार नाण्यांचा संग्रहही गेला.

पहिला साठा होता म्हणून त्या विहिरीविषयी काही थोडे सांगता येते. दुसऱ्या, चाळीसपट मोठ्या साठ्याने मात्र इतिहासाला त्या मानाने फारच थोडे दिले. त्यातील एकेक नाणे कोणाच्या तरी संग्रहात सुरक्षित असेल, सुबक मखमलीवर ठेवलेले असेल. पण कोणत्या राजाची नाणी किती होती, कोणाची नव्हती, सर्वांत शेवटचे नाणे कोणते, हे सांगणारे आता कोणी नाही. येथे विकत घेणारा छांदिष्ट होता की गुंतवणूकदार, याने फारसा फरक पडत नाही. दोघांनीही 'हे कोठून आले' असे विचारले नाही, की दोघेही सारखेच.

आपल्याकडे १८७८ च्या निखात निधी कायद्यापासून, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जमिनीत सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत धरली. त्यांची निर्यात खाजगी माणसाला करता येत नाही आणि पुरावस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो. तरीही १९८७ च्या नोव्हेंबरात जिनीव्हा येथे जहांगीर बादशहाची हजार मोहरांची, जवळजवळ बारा किलो वजनाची, १६१३ साली आग्र्यास पाडलेली सोन्याची अजस्र मोहर लिलावास निघाली आणि तिचा संबंध हैदराबादच्या निजाम घराण्याशी जोडला गेला. देशभर त्याची चर्चा झाली, चौकशी झाली. ती मोहर तेव्हापासून लोकांच्या नजरेआड आहे.

कायद्याच्या कक्षेबाहेर राहणारी फसवणूक त्याहून अधिक पसरलेली आहे. अमुक चित्राचे पाच रुपयांचे नाणे जवळ असेल तर लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती लोक खऱ्या मानू लागले. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून लोकांकडून शुल्क आणि कमिशन उकळण्याचे प्रकार झाले. तेव्हा आपण अशा व्यवहारात पडत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे त्या बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगावे लागले. जे नाणे कोट्यवधींच्या संख्येने पडले आणि परवापर्यंत भाजीवालीच्या गल्ल्यात खुळखुळत होते, त्याला लाख रुपये कोण आणि कशासाठी देईल, हा प्रश्न चार नाणी स्वतः वेचून वहीत नोंदविलेल्या शाळकरी मुलालासुद्धा सुचतो. शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनाच्या नकलाही याच मार्गाने खपतात. होन अस्सल फार थोडे. हौस आणि अभिमान मात्र अपार. घेणाऱ्याने ताम्र शिवराया शेदोनशे हाताळलेल्या असतील, त्यांवरील अक्षरांची वळणे त्याच्या डोळ्यांत बसलेली असतील, तर तो होनाच्या अक्षरांपाशी क्षणभर थबकतो. ज्याने केवळ भाव ऐकलेला असतो तो थबकत नाही.

जोगळटेंभीची नाणी संग्रहालयांत पाहावयास मिळतात. पुन्हा ठसा मारलेले नाणे घेऊन ते उजेडात थोडे तिरपे धरले, तर सातवाहनांच्या डोंगराखालून नहपानाच्या नाकाची रेघ दिसते. कोठे कान, कोठे केसांची बट. काठाशी ग्रीक अक्षरांचे दोन-तीन शेपटे उरलेले असतात आणि त्यांवर ब्राह्मीतील गौतमीपुत्राचे नाव आडवे गेलेले असते, तेही बहुधा अर्धेच. सत्तर गुणांच्या परीक्षकापुढे हे नाणे ठेविले तर चेहरा पुसट, अक्षरे तुटकी, ठसा केंद्र सोडून पडलेला, अशा साऱ्या खोडी तो मोजून दाखवील. नहपानाचे न ठोकलेले, नाकडोळे शाबूत असलेले नाणे त्याच्या हिशेबी कितीतरी वरच्या प्रतीचे ठरेल.